छातीची तपासणी आणि परिचारिकेचा कान

वैद्यकाच्या इतिहासात छातीच्या तपासणीचे प्रकरण बहुधा दोन नावांत आटोपते. १७६१ साली व्हिएन्नामध्ये छातीवर बोटांनी ठोकून आतल्या आवाजाचा अर्थ लावणारा लिओपोल्ड आउएनब्रुगर, आणि १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी रुग्णेच्या छातीला लावून ऐकणारा रने लेनेक. दोघांच्याही कथा रम्य आहेत आणि त्या पुन्हा सांगण्याचा मोह मलाही आवरणार नाही. परंतु डॉक्टर खाटेजवळ उभा असतो तो काही मिनिटे. उरलेला दिवस आणि सगळी रात्र तो श्वास ज्या व्यक्तीच्या कानांवर पडत असतो, ती या इतिहासात जवळजवळ नाहीच. लेनेकने जिथे आपला शोध लावला ते नेकेर रुग्णालय १७७८ साली मादाम नेकेर यांनी सुरू केले, तेव्हा तिथली शुश्रूषा जोगिणींच्या हाती होती. रुग्णांच्या छातीतल्या घरघरीशी त्यांची ओळख कोणत्याही डॉक्टरपेक्षा जुनी असणार. पण त्या ओळखीला ज्ञान म्हणावे असे कोणाला वाटले नाही. छातीची तपासणी डॉक्टरांच्या हातून परिचारिकांच्या हाती कशी आली आणि येताना तिचे काय झाले, हा या लेखाचा विषय.

आउएनब्रुगर हा ग्रात्स गावातल्या एका खाणावळवाल्याचा मुलगा. बापाच्या तळघरातील पिंपे ठोकून दारू कुठवर आहे हे ओळखण्याची रीत त्याने पाहिली होती आणि तीच पुढे माणसाच्या छातीला लावली, असे नेहमी सांगितले जाते. गोष्ट इतकी नेटकी आहे की तिच्यावर थोडा संशय घ्यावा. निश्चित आहे ते एवढे की व्हिएन्नाच्या स्पॅनिश रुग्णालयात अनेक वर्षे रुग्णांच्या छात्या ठोकून, मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनाशी ताडून पाहून, त्याने एक लहानसे लॅटिन पुस्तक लिहिले. निरोगी छातीचा आवाज जाड लोकरी कापड घातलेल्या ढोलासारखा येतो, हे त्याचे वर्णन आजही कोणी सुधारू शकलेले नाही. जिथे हवेच्या जागी पाणी किंवा पू साठला असेल तिथे तोच आवाज मांडीवर ठोकल्यासारखा बद्द होतो. माणूस संगीतातला होता. सालिएरीच्या एका ऑपेराची संहिता त्याची आहे. पुस्तकाकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८०८ साली नेपोलियनचा वैद्य कोर्व्हिझार याने त्याचे फ्रेंच भाषांतर टिपणांसह छापले, तेव्हा कुठे या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली. पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर वारला.

लेनेक कोर्व्हिझारचाच शिष्य. हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण, स्थूल स्त्री त्याच्यापुढे आली. ठोकून काही कळेना, आणि तिच्या छातीला थेट कान लावणे वयाच्या व लिंगाच्या दृष्टीने अप्रशस्त. तेव्हा कागदाची घट्ट सुरळी करून त्याने एक टोक तिच्या छातीला आणि दुसरे आपल्या कानाला लावले. म्हणजे स्टेथोस्कोपचा जन्म संकोचातून झाला! छातीला कान लावणे ही गोष्ट मुळीच नवी नव्हती. हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत उकळत्या व्हिनेगरसारख्या आवाजाचा उल्लेख आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत रोगपरीक्षेच्या साधनांत पाचही इंद्रिये व प्रश्न असे सहा प्रकार मोजले आहेत, त्यांत कान आहेच. नवीन होते ते मधले अंतर. त्या अंतरामुळे ऐकू जास्त आले, आणि ऐकणारा व ऐकवणारा यांच्यामध्ये एक वस्तूही आली. पुढे त्या वस्तूलाच अधिकाराचे चिन्ह म्हणून मान मिळाला.

१८१९ सालच्या आपल्या ग्रंथात लेनेकने आवाजांना नावे दिली. शेळीच्या बेंबेंसारखा कापरा आवाज, छातीतूनच कोणी बोलत असल्याचा भास, आणि सर्वांत महत्त्वाचा तो 'राल'. फ्रेंचमध्ये हा शब्द मरणासन्न माणसाच्या घशातल्या आवाजासाठी रूढ होता. रुग्णाच्या देखत 'राल ऐकू येतो' असे म्हटले की तो बिचारा अर्धा तिथेच खलास होई. म्हणून खाटेशेजारी बोलताना लेनेकने त्याच अर्थाचा लॅटिन शब्द 'राँकस' वापरायला सुरुवात केली. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. 'घरघर लागली' म्हटल्यावर आपल्याकडे फुप्फुसाचा विचार कोणी करत नाही, पुढच्या तयारीचा करतो. आजकाल तर संस्थांना आणि साखर कारखान्यांनाही घरघर लागते. रुग्णाची भीती वाचवण्यासाठी केलेल्या या दुहेरी नावाने पुढे मोठा घोळ घातला. इंग्रजीत आल्यावर राल आणि राँकस हे दोन निरनिराळे आवाज आहेत असे मानले गेले, आणि दीडशे वर्षे पाठ्यपुस्तके त्यांतला फरक शिकवत राहिली. १९७०च्या दशकात अमेरिकेतील श्वसनतज्ज्ञांनी बसून शब्द निश्चित केले, तेव्हा राल बाद होऊन त्याच्या जागी साधा 'क्रॅकल' म्हणजे तडतड आला. राँकस मात्र टिकून राहिला. लेनेक स्वतः १८२६ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने गेला. त्याची छाती ऐकून काय ऐकू आले हे सांगणारा त्याचा नातलग मेरियादेक होता. सांगितलेल्या आवाजांचा अर्थ काय, हे विचारण्याची लेनेकला गरज नव्हती.

इथवरची कथा पुरुष डॉक्टरांची. परिचारिकेचा प्रवेश होतो तो यंत्रासह नव्हे. १८५९ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे शुश्रूषेवरचे छोटे पुस्तक आले. त्यातले रुग्णनिरीक्षणाचे प्रकरण हे माझ्या मते त्या पुस्तकाचा गाभा आहे. हवा, उजेड, स्वच्छता यांवरच्या बाईंच्या आग्रहाची बरीच कौतुके झाली. निरीक्षणाबद्दलची त्यांची कठोरता मात्र कमी वाचली गेली. काय पाहायचे आणि कसे पाहायचे हे परिचारिकेला शिकवणे हा त्यांच्या लेखी सर्वांत महत्त्वाचा व्यावहारिक धडा होता, आणि ज्या बाईला ही सवय लागत नाही तिने हा व्यवसाय सोडावा असे त्या स्पष्ट सांगतात. 'रात्र बरी गेली का' या प्रश्नाचा त्यांना राग होता. किती तास झोप झाली, कोणत्या वेळी झाली, असे विचारा. संख्याशास्त्राची आवड असलेल्या बाईंना हे शोभणारेच आहे.

पण या निरीक्षणाला एक कुंपण होते. परिचारिकेने पाहायचे आणि कळवायचे. अर्थ लावायचा नाही. १८६० साली सेंट टॉमस रुग्णालयात नाइटिंगेल यांची शाळा सुरू झाली, पाठोपाठ १८६०च्या दशकातच आटोपशीर तापमापक आला, आणि ताप, नाडी व श्वास यांचा तक्ता खाटेच्या पायथ्याशी लटकू लागला. तक्ता परिचारिकेने भरायचा, वाचायचा डॉक्टरने. तिच्या मनगटावरचे किंवा एप्रनला टाचलेले घड्याळ हे तिचे वाद्य, आणि स्टेथोस्कोप त्याचे. १८५२ साली न्यूयॉर्कच्या कॅमन यांनी तो दोन्ही कानांचा केल्यावर तर तो गळ्यात मिरवण्याजोगाही झाला.

परिचारिकेच्या कानांत स्टेथोस्कोप गेला तो छाती ऐकण्यासाठी नाहीच. १८९६ साली रिव्हा-रोची यांनी दंडाला फुगा बांधून रक्तदाब मोजला, १९०५ साली कोरोत्कोव्ह यांनी कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकण्याची रीत दिली. पुढच्या दशकांत हे काम डॉक्टरांना कंटाळवाणे वाटू लागल्यावर हळूहळू परिचारिकांकडे सरकले. नळी तीच, कान माणसाचेच. पण नळीचे दुसरे टोक कोपरापाशी असले तर ते मोजमाप, आणि एक वीत सरकून छातीवर गेले तर ते निदान! हे हास्यास्पद वाटेल, परंतु कायद्याची भाषा अशीच होती. १९५५ साली अमेरिकेतील परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेनेच आपल्या व्यवसायाची जी नमुना-व्याख्या केली, तिच्यात निदान करणे आणि उपचार ठरवणे ही कामे स्पष्टपणे वगळली होती.

प्रत्यक्षात काय होत असे ते लिओनार्ड स्टाइन या मनोविकारतज्ज्ञाने १९६७ साली एका खुसखुशीत निबंधात सांगितले. त्याने त्याला डॉक्टर-नर्स खेळ म्हटले. खेळाचा नियम एकच: सल्ला परिचारिकेने द्यायचा, पण तो डॉक्टरलाच सुचला असे दिसले पाहिजे. आपल्याकडच्या वॉर्डात रात्रपाळी केलेल्या कोणालाही हा खेळ पाठ असेल. "सर, नऊ नंबरचे आजोबा जरा अस्वस्थ वाटताहेत. आडवे होत नाहीत, उठून बसताहेत. मागे तुम्ही लॅसिक्स दिले होते तेव्हा लगेच आराम पडला होता." फोनवरच्या या चार वाक्यांत हृदय कमकुवत होऊन फुप्फुसात पाणी भरत असल्याचे निदान आहे आणि त्यावरचे औषधही आहे. फक्त 'मी छाती ऐकली, दोन्ही बाजूंना तळाशी तडतड आहे' हे वाक्य नाही. ते म्हणण्याची सोय नव्हती. ते वाक्य नसल्यामुळे डॉक्टरने झोपेच्या गुंगीत 'सकाळी बघू' म्हटले, तर पुढची जबाबदारी कोणाची हा प्रश्न तक्त्यात कुठेच उमटत नसे.

ही कोंडी फुटली ती अनपेक्षित बाजूने. १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्याची परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी परिचारिकांना मुलांची संपूर्ण शारीरिक तपासणी शिकवायला घेतली. जिथे डॉक्टर पोहोचत नाहीत अशा वस्त्यांत निरोगी मुलांवर नजर ठेवणे हा हेतू. डॉक्टरांचा विरोध अपेक्षित होता. पण नर्सिंगच्या प्राध्यापिकांपैकीही अनेकजणी संतापल्या. स्टेथोस्कोप हाती घेणे म्हणजे शुश्रूषा सोडून दुय्यम डॉक्टर होणे, असा त्यांचा आक्षेप. आज तो आक्षेप जुनाट वाटतो, पण मला तो पूर्णपणे चुकीचा वाटत नाही. का ते पुढे येईलच. फोर्डबाई नंतर रॉचेस्टर विद्यापीठात नर्सिंगच्या अधिष्ठाता झाल्या आणि २०२५च्या जानेवारीत, वयाच्या १०४व्या वर्षी निवर्तल्या.

रॉचेस्टरमध्येच बार्बरा बेट्स या डॉक्टर आणि जोन लायनॉ ही परिचारिका एकत्र काम करीत होत्या. डॉक्टर व परिचारिका यांच्या बदलत्या नात्यावर बेट्स यांनी १९७० साली लिहिले होते. १९७४ साली त्यांचे शारीरिक तपासणीवरचे पाठ्यपुस्तक निघाले. डावीकडे कृती, उजवीकडे तिचा अर्थ, मध्ये स्वच्छ रेखाचित्रे. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना 'बेट्स' माहीत असते, आपल्याकडेही. ते पुस्तक परिचारिकांना तपासणी शिकवण्याच्या उद्योगातून वाढले, हे मात्र ते वाचणाऱ्या भावी डॉक्टरांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. आणखी एक तपशील: वैद्यकाचे अध्यापन मागे टाकल्यावर बेट्सबाई इतिहासाकडे वळल्या आणि १९९२ साली त्यांनी क्षयरोगाचा सामाजिक इतिहास प्रसिद्ध केला. लेनेकच्या रोगापाशी त्या अशा परत आल्या.

आता प्रत्यक्ष तपासणीबद्दल थोडे. पाहणे, चाचपणे, ठोकणे, ऐकणे हा तिचा ठरलेला क्रम. पाठीवर दोन्ही तळवे ठेवून श्वास घ्यायला सांगायचे आणि दोन्ही अंगठे सारखे दूर जातात का पाहायचे. 'एक-एक-एक' म्हणायला लावून कंप हाताला जाणवतो का ते बघायचे. मग ठोकायचे, आणि शेवटी ऐकायचे. वरून खाली, डावे-उजवे ताडत, पाठीचा तळ आणि काखा न वगळता. ही कृती डॉक्टर आणि परिचारिका दोघांची सारखीच. फरक आहे तो प्रश्नाचा. डॉक्टर ऐकतो तो नाव शोधण्यासाठी. हा न्यूमोनिया की दमा की पाणी? नाव मिळाले की त्याचे ऐकणे बहुधा संपते. परिचारिकेचा प्रश्न काळाचा असतो. सकाळपेक्षा आता वेगळे काय? पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, फुप्फुसाचा तळ मिटू लागतो. तिथला आवाज कमी झाला आहे हे तिला आधी कळते, कारण कालचा आवाज तिने ऐकलेला असतो. कफ ओढून काढल्यावर राँकस गेला की राहिला, कुशीवर वळवल्यावर हवा खालपर्यंत पोहोचली का, ही तिची उत्तरे दर दोन तासांनी नवी असतात. आवाज तोच असला तरी त्याचे वाचन अशा रीतीने दोन तऱ्हांनी होते, आणि दुसरी तऱ्हा पहिलीपेक्षा हलकी आहे असे मानण्याला काही आधार नाही.

पण या साऱ्या धडपडीत एका गोष्टीची किंमत घसरली. ती म्हणजे श्वास मोजणे. ते काम परिचारिकेकडे पहिल्यापासून होते, कोणी हिरावले नव्हते, म्हणून त्यासाठी कोणाला भांडावेही लागले नाही. त्यात एक सुरेख हातचलाखी आहे. आपला श्वास मोजला जातो आहे हे कळले की रुग्णाचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही बोटे मनगटावर तशीच ठेवायची, नजर घड्याळावर असल्यासारखी दाखवायची, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून छातीची हालचाल मोजायची; पूर्ण एक मिनिट. घाईच्या वॉर्डात हे मिनिट मिळत नाही. मग तक्त्यात ओळीने १८, १८, २०, १८ असे आकडे पडतात, आणि ते अंदाजाचे आहेत हे सर्वांना ठाऊक असते. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात याच दुर्लक्षावर लेख आला. प्रकृती ढासळण्याची सर्वांत आधी खूण देणारा हा आकडा सर्वांत वाईट नोंदला जातो, असे त्याचे म्हणणे. २०१२ साली ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने धोक्याची सूचना देणारा जो गुणांकांचा तक्ता काढला, त्यात मिनिटाला २५ किंवा अधिक श्वास या एकाच गोष्टीला तीन गुण, म्हणजे त्या रकान्यातले कमाल गुण आहेत.

मोजण्याचे सामर्थ्य खऱ्या अर्थाने सिद्ध झाले ते मात्र मोठ्या रुग्णालयांबाहेर. पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवले की खोकणाऱ्या लहान मुलाला न्यूमोनिया आहे का हे ठरवायला स्टेथोस्कोप लागत नाही. श्वासाचा वेग पाहावा आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो का पाहावे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने यावरून वयानुसार मर्यादा ठरवल्या: दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०.

ही गोष्ट गडचिरोलीत फार पुढे नेली गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ५८ गावांत निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि पारंपरिक सुइणी यांना बाळाचा श्वास पाहून न्यूमोनिया ओळखायला व प्रतिजैविक द्यायला शिकवले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यांनी उपचार केलेल्या ६१२ न्यूमोनियाग्रस्त मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते; तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते. सुइणींपैकी अनेकींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा; वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया. कोणत्याही अर्थाने 'निदान' म्हणावे अशी ही क्रिया त्या बायका झोपडीच्या दारात बसून करीत होत्या, ज्या क्रियेचा अधिकार प्रशिक्षित परिचारिकेला असावा की नाही यावर अमेरिकेतल्या सभा वीस-पंचवीस वर्षे गाजल्या.

फोर्डबाईंच्या विरोधकांचे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटत नाही ते यामुळे. स्टेथोस्कोप परिचारिकेने घेतला हे योग्यच झाले. नऊ नंबरच्या आजोबांसाठी ते फार आधी व्हायला हवे होते. परंतु जे आपल्याकडे आधीपासूनच होते ते हलके, आणि डॉक्टरांकडून मिळवले ते भारी, हा हिशेब त्या नळीबरोबर नकळत गळ्यात पडला. नर्सिंगच्या अनेक अभ्यासक्रमांत आज छातीच्या तपासणीची प्रात्यक्षिक परीक्षा असते. आवाजांची नावे मुली घडाघडा सांगतात. श्वास पूर्ण मिनिटभर मोजला का, हे परीक्षक क्वचितच पाहतात.

२०२०च्या साथीत या दोन्ही कौशल्यांची गाठ तिसऱ्याशी पडली. पीपीई किटच्या टोपीखाली स्टेथोस्कोप कानात घालणे अशक्यप्राय झाले. लेनेकने निर्माण केलेले एका हाताचे अंतरही अपुरे ठरले. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. ज्याच्या १९७०च्या दशकातल्या संशोधनावर हे यंत्र उभे आहे तो जपानी अभियंता ताकुओ आओयागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारला. पण त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की कृष्णवर्णी रुग्णांत हे यंत्र ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा अधिक असते. काही रुग्ण धाप न लागताच ऑक्सिजन गमावत होते, तिथे यंत्राने वाचवले. काहींच्या बोटावर ९४ दिसत असताना श्वास तिशीत गेलेला होता, तिथे तो पाहणारे कोणी असावे लागले. त्या महिन्यांत कोविड वॉर्डांतल्या परिचारिका खाटांच्या रांगेतून जाताना काचेआडून रुग्णाच्या मानेकडे आणि बरगड्यांखालच्या खळग्याकडे पाहत असत, आणि हातमोज्यावर पेनाने आकडे लिहून ठेवीत. कारण कागद आत-बाहेर नेता येत नव्हता.